वेग कोणाच्या बाजूने धावतो?

चित्रपटातील वेग ही निव्वळ तंत्राची बाब आहे, असे सांगितले जाते. मीही बरीच वर्षे तसेच मानीत होतो. डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा १९१५ सालचा मूकपट ‘द बर्थ ऑफ ए नेशन’ पाहिला आणि ती समजूत टिकली नाही.

त्याचा शेवटचा भाग घ्या. एका खोपटात गोरी माणसे अडकली आहेत, भोवती कृष्णवर्णीय सैनिकांचा वेढा. दुसरीकडे एका गोऱ्या तरुणीला मिश्रवर्णीय पुढाऱ्याने कोंडले आहे. तिसरीकडे पांढरे झगे घालून कू क्लक्स क्लॅनचे घोडेस्वार निघाले आहेत. ग्रिफिथ आपल्याला या ठिकाणांवरून आलटून पालटून फिरवितो. दार मोडणार एवढ्यात घोड्यांच्या टापा. टापा ऐकू येतील असे वाटते तोच पुन्हा दार. तुकडे आखूड होत जातात. त्यात कॅमेरा मोटारीवर बसवून घोडेस्वारांच्या पुढे पळविलेला. म्हणजे आपण त्यांच्या वाटेत उभे नसतो, त्यांच्याबरोबर धावत असतो. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला ही धाव येतच नाही. ते फक्त अडथळा. त्यांतल्या प्रमुख भूमिका तर तोंडाला काळे फासलेल्या गोऱ्या नटांनी केलेल्या.

मला कबूल केले पाहिजे, मी खुर्चीच्या कडेला सरकलो होतो. ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या समाजातला मी. आणि क्लॅन वेळेवर पोचावी म्हणून माझा श्वास अडकला होता! आमच्या घरात पहिले अक्षर माझ्या वाट्याला आले. तंबूतला सिनेमा पाहायला मात्र वडिलांना अक्षराची गरज लागत नसे. पुस्तकातले खोटे निदान वाचता आल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. हे डोळ्यांतून सरळ छातीत उतरते.

परिणाम कागदावर राहिला नाही. कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या संघटनेने चित्रपटाविरुद्ध मोहीम उघडली. तरी तो तुफान चालला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जियात मृतप्राय क्लॅन पुन्हा उभी राहिली.

ग्रिफिथचे हे शस्त्र सोव्हिएत तरुणांनी उचलले. त्याचा ‘इन्टॉलरन्स’ १९१९ साली मॉस्कोत दाखविला गेला आणि कुलेशोव्हच्या भोवतीच्या मंडळींनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. सर्गेई आयझेनस्टाइनने पुढे १९४४ साली ग्रिफिथवर नेमके बोट ठेवले. त्याच्या मते ग्रिफिथच्या समांतर जोडणीत श्रीमंत आणि गरीब कधीही न भेटणाऱ्या दोन रेषा होऊन राहतात.

स्वतः आयझेनस्टाइनने ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये (१९२५) काय केले? ओडेसाच्या पायऱ्यांवर चित्रात दिसते तसे हत्याकांड इतिहासात घडले नव्हते. १९०५ साली त्या शहरात माणसे मारली गेली, ती अन्यत्र. त्याने ते पायऱ्यांवर आणले, कारण उतार हाच त्याला वेग पुरवितो. बुटांची रांग एका ठोक्यात खाली येते, गर्दी मात्र वेडीवाकडी विखुरते. एदुआर्द तिस्सेचा कॅमेरा पायऱ्यांलगत गाडीवरून पळणाऱ्यांच्या संगतीने खाली घसरतो. जोडणी इतकी तुटक, की प्रत्यक्षात काही क्षणांत संपावा असा उतार कितीतरी वेळ संपतच नाही. वेग वाढतो आणि काळ लांबतो, हे दोन्ही एकदमच. येथे धाव मारणाऱ्यांची नाही, मरणाऱ्यांची आहे.

आणि त्या साऱ्या पळापळीत एक आई मुलाचे कलेवर हातांवर घेऊन उलट वर चढते, सावकाश. सैनिकांच्या सावल्या पायऱ्यांवरून तिच्यापर्यंत पोचतात.