शिक्षकाला नेमकं कोणतं कॉम्प्युटर कौशल्य हवं? बदलत गेलेल्या उत्तराचा इतिहास

'शिक्षकांची संगणक कौशल्ये' हा संशोधनासाठी सोपा विषय वाटतो. वर्ड येतं का, एक्सेल येतं का, ई-मेल पाठवता येतो का, अशी प्रश्नावली करायची आणि टक्केवारी काढायची, झालं! पण ही यादी आली कुठून? ती कोणी ठरवली? मागे वळून पाहिलं तर महाराष्ट्रातल्या शिक्षकासमोर वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या याद्या आलेल्या दिसतात.

पहिली यादी 1984 ची. केंद्र सरकारने 'क्लास' हा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक आणले. हे यंत्र चालू केलं की समोर थेट बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा यायची. त्यामुळे कौशल्य म्हणजे यंत्राची ओळख आणि बेसिकमधल्या सूचना. प्रशिक्षण मोजक्याच शिक्षकांना मिळालं. बाकीच्यांच्या रोजच्या कामाशी या संगणकाचा संबंध नव्हता.

दुसरी यादी 2001 मध्ये एमएस-सीआयटीबरोबर आली. विंडोज, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, इंटरनेट, म्हणजे थोडक्यात ऑफिसात लागणारी कौशल्यं. शासकीय कर्मचाऱ्यांसाठी हे प्रमाणपत्र आवश्यक झालं आणि शिक्षकही त्यात आले. वेतनवाढ त्याला जोडली गेली. मुदतीत परीक्षा पास न झालेल्यांकडून वसुलीचे वाद पुढे बरीच वर्षं चालले. इथे एक गोष्ट टिपून ठेवा: क्लार्क आणि शिक्षक, दोघांना एकच अभ्यासक्रम होता. भूगोलाचा नकाशा किंवा अपूर्णांक शिकवताना संगणक कसा वापरायचा, हा त्या परीक्षेचा विषयच नव्हता.

तिसरी यादी कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेली नाही. 2015 मध्ये 'सरल' प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरणं सुरू झालं. ज्या शाळेत क्लार्क नाही, तिथे हे काम गुरुजींकडे किंवा बाईंकडे आलं. लॉगिन सांभाळणं, सर्व्हर चालत नसेल तर रात्री बसून माहिती भरणं, आधारवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव जुळवणं, हीसुद्धा कौशल्यंच. आणि यात चूक परवडत नाही. कारण संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हे, पटसंख्येवर ठरतं. काही मुलांची नोंद अडकली तर एखादं पदच धोक्यात येऊ शकतं.

चौथी यादी वर्गाच्या जवळची. 5 सप्टेंबर 2017 ला 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झालं. त्याआधीच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले होते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले. 2020 मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. इथे कौशल्याची व्याख्या एका शिक्षकाने आपल्या वर्गातल्या अडचणीतून केली होती.

आता या चार याद्या एकत्र पाहा. प्रत्येक वेळी 'शिक्षकाला काय यायला हवं' याचं उत्तर संगणकाची गरज कोणाला होती यावरून ठरलं. आधी प्रकल्पाला, मग कार्यालयाला, मग पोर्टलला आणि शेवटी कुठे वर्गाला. शिवाय नवी यादी आली म्हणून जुनी गेली नाही. आजच्या शिक्षकाच्या डोक्यावर प्रमाणपत्र, पोर्टल आणि डिजिटल वर्ग अशी तिन्ही ओझी आहेत.

म्हणून प्रश्नावली बनवण्याआधी तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा: शासन निर्णय काय मागतो, प्रशिक्षणात काय शिकवतात आणि शिक्षकाचा कॉम्प्युटरवरचा वेळ खरंच कशात जातो. प्रत्येकापुढे वर्ष लिहा. या तिघांत जिथे अंतर दिसेल, तिथे तुमचा संशोधन प्रश्न सापडेल. नाहीतर 2001 च्या यादीने आजचा शिक्षक मोजला जाईल, आणि रात्री उशिरापर्यंत पोर्टलवर अख्ख्या शाळेची माहिती भरणाऱ्या बाई तुमच्या तक्त्यात 'कौशल्य कमी' या रकान्यात जाऊन बसतील.