दोन यमुना आणि एक परीक्षण

कॉलेजात कादंबरीचं परीक्षण लिहायला दिलं की साचा ठरलेला असतो. लेखक परिचय, कथानक, पात्रं, भाषा आणि शेवटी संदेश. अशी परीक्षणं मी ढिगानं वाचली आहेत. पुस्तकाचं नाव झाकलं, तर कशाबद्दल लिहिलंय ते कळत नाही. आज या साच्यात दोन जुन्या कादंबऱ्या घालून बघू.

पहिली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', साल १८५७. पहिली मराठी कादंबरी म्हणून बहुतेक जण हिचंच नाव घेतात. आदल्याच वर्षी विधवा-पुनर्विवाहाचा कायदा झाला होता. दुसरी ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो!'. ती १८९० पासून त्यांच्याच 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. वेब सिरीजच म्हणा ना, पुढच्या अंकाची वाट बघत बसायचं.

आता लावा साचा. विषय? विधवांचे हाल. नायिका? यमुना. हो, दोन्हीकडे नाव तेच! संदेश? रूढी वाईट. झालं परीक्षण. पण मग दोन्ही पुस्तकं एकच ठरली की.

म्हणून मी आधी एवढंच विचारतो, गोष्ट सांगतंय कोण? पदमनजींची यमुना नवऱ्याबरोबर, विनायकबरोबर, प्रवासाला निघते. विधवांच्या कहाण्या तिला कळत जातात. म्हणजे दुःख आधी दुसऱ्यांचं. विनायक गेल्यावर ते तिच्या वाट्याला येतं. पुढे ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. पदमनजी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. उत्तर त्यांच्या खिशात तयार होतं, आणि वाचताना ते जाणवतं.

आपट्यांची यमू मात्र 'मी' म्हणून बोलते. माहेर, लग्न, सासर, घरातल्या कुरबुरी, सगळं तिच्याच तोंडून. नवरा गेल्यावर तिचे केस जबरदस्तीनं काढले जातात, तेव्हा आपण लांबून बघत नसतो. इतकी पानं तिच्यासोबत राहिलेलो असतो! आणि तयार उत्तर इथं कुणाच्याच खिशात नाही.

आता वादाचा मुद्दा. हा 'मी' लिहिणारे आपटे तेव्हा २६ वर्षांचे पुरुष. बाईचा आवाज त्यांनी घ्यावा का? माझ्या मते घ्यावा, आणि त्यांनी तो चांगला पेलला. पण परीक्षणात हेही लिहा की १८८२ मध्येच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना थेट जाब विचारला होता. ती कादंबरी नाही, पण आवाज उसना नाही. यमूच्या बोलण्याशेजारी ताराबाईंची दोन पानं ठेवून वाचा. यमू कुठं गप्प बसते आणि ताराबाई कुठं बसत नाहीत, ते वहीत टिपून घ्या. परीक्षणाचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू करा, लेखक परिचय मागाहून आला तरी चालेल.