मिन्स्क मोटारसायकल व सायकल कारखाना

मिन्स्क मोटारसायकल व सायकल कारखाना : हलक्या मोटारसायकली व सायकली बनविणारा सोव्हिएत काळातील बेलारूसमधील कारखाना, पुढे ‘मोतोवेलो’ या नावाने परिचित. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या मिन्स्क शहरात १९४५ मध्ये स्थापना. पहिल्या सायकली १९४७ मध्ये बाहेर पडल्या. मोटारसायकलीचे उत्पादन १९५१ मध्ये मॉस्कोहून येथे हलविण्यात आले.

मॉस्कोहून आलेली एम१ए ही गाडी मुळात जर्मनीतील चोपाऊ येथील डीकेडब्ल्यू कंपनीची आरटी १२५. महायुद्धाच्या तोंडावर निघालेल्या या गाडीचा अभिकल्पक हेरमान वेबर याला युद्धानंतर सोव्हिएत संघात नेण्यात आले व तेथेच १९४८ मध्ये तो मरण पावला. तिचे आराखडे युद्धभरपाईदाखल विजेत्यांच्या हाती पडले. ब्रिटनची बीएसए बँटम, अमेरिकेतील हार्ली-डेव्हिडसनची १२५ आणि १९५५ची यामाहा वायए-१ याच बियाण्याची. इंजिन एकसिलिंडरी, टू-स्ट्रोक. बोअर ५२ मिमी., स्ट्रोक ५८ मिमी., क्षमता १२३ घ. सेंमी. त्यात झडपा नाहीत; ताजे मिश्रण सिलिंडरच्या भिंतीवरून वळसा घेत वर जाते व जळालेला वायू बाहेर ढकलते, त्यामुळे पिस्टनच्या माथ्यावर उंचवटा लागत नाही. वंगण पेट्रोलमध्येच मिसळायचे. मिन्स्कमध्ये एम-१०३पासून पुढच्या मालिका निघत गेल्या. समांतर भुजांच्या पुढच्या काट्याची जागा टेलिस्कोपिक फोर्कने घेतली, मागे स्विंगआर्म आला, शक्ती सुमारे ४ अश्वशक्तीवरून १०च्या पुढे गेली, नंतरच्या गाड्यांना तर बॅटरीवाचून चालणारे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन मिळाले. बोअर-स्ट्रोकची जोडी मात्र सोव्हिएत काळ संपेपर्यंत तीच राहिली.

यावरून हा कारखाना नकलेवर जगला व तेथेच थिजला, असे सर्रास म्हटले जाते. नकलेचा मुद्दा नाकारण्याजोगा नाही, पण तो काही उलगडतही नाही, कारण नक्कल बर्मिंगहॅमच्या बीएसएनेही केली होती. थिजण्याचे कारण नियोजनाने केलेल्या वाटणीत शोधले पाहिजे. सोव्हिएत व्यवस्थेत प्रत्येक कारखान्याला वर्ग नेमून दिलेला असे : इर्बीत व कीव्ह येथे साइडकारच्या जड गाड्या, इझेव्हस्कला ३५० घ. सेंमी.चा वर्ग, रीगा येथे मोपेड. कोव्रोव्हचा शस्त्रकारखानाही आधी हीच १२५ बनवीत होता. तो १७५कडे वळल्यावर १२५चा वर्ग मिन्स्ककडेच उरला. देशांतर्गत प्रतिस्पर्धी नाही आणि वरच्या वर्गात शिरण्याची मुभा नाही, अशा स्थितीत अभियंत्याचे काम त्याच १२३ घ. सेंमी.मधून अधिक काढणे एवढेच राहते. ते काम त्यांनी बरे केले, असे अश्वशक्तीचे आकडे सांगतात.

यावर यामाहाचे उदाहरण हटकून पुढे केले जाते : त्याच नकलेपासून निघून जपानी कंपनी जागतिक शर्यतींपर्यंत पोचली. परंतु यामाहाला डझनावारी देशी स्पर्धकांशी झुंजावे लागले. मिन्स्कला योजनेचा आकडा गाठायचा होता. शिवाय ग्राहकही वेगळा. कच्च्या रस्त्यांच्या खेड्यात, जवळपास दुरुस्तीचे दुकान नसताना, मालकाने स्वतः पाना घेऊन खोलावी अशी गाडी हवी असेल, तर न बदलणारे इंजिन हा दोष ठरत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा सुटा भाग आजच्या गाडीला बसणे ही तिथे मोठी सोय असते. उत्तर व्हिएतनामच्या डोंगराळ भागात ही गाडी ओझी वाहण्यासाठी दीर्घकाळ टिकली, हा या मताला मिळणारा सर्वांत भक्कम दुजोरा होय. तेथे तिला सोव्हिएत नियोजनाचे संरक्षण नव्हते.

सायकली : ‘आइस्त’ नावाची घडीची सायकल विशेष खपली.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाल्यावर नेमून दिलेला वर्गही गेला आणि हक्काची बाजारपेठही. कारखाना २००७ मध्ये खासगी मालकीत गेला. त्या व्यवहाराविषयी व नंतरच्या कारभाराविषयी परस्परविरोधी दावे आहेत. पुढे दिवाळखोरी ओढवली. अखेरच्या काळात ‘मिन्स्क’ नावाने विकल्या गेलेल्या अनेक गाड्यांत चिनी बनावटीची फोर-स्ट्रोक इंजिने होती, आणि येथे टीकाकारांचे एक म्हणणे मान्य करावे लागते : चार दशके एकच इंजिन सुधारणाऱ्या अभिकल्प विभागाला दुसरे इंजिन मुळापासून घडविण्याचा सराव उरला नव्हता.