पौडची कचेरी

पुण्याच्या कोथरूड भागातून पश्चिमेकडे निघणाऱ्या रस्त्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते पौड त्या रस्त्याने नित्य ये-जा करणाऱ्या पुणेकरांपैकी फार थोड्यांनी निवांतपणे पाहिले असेल. भूगाव आणि पिरंगुट मागे टाकून वाहने मुळशीच्या जलाशयाकडे व ताम्हिणी घाटाकडे निघून जातात आणि मुळेकाठच्या या लहानशा गावी थांबण्याचे त्यांना प्रयोजन उरत नाही. मारुंजी, माण, हिंजवडी, नेरे, जांबे या गावांतील जुन्या कुटुंबांचा पौडशी असलेला संबंध मात्र निराळा आहे. घरातला कर्ता माणूस ‘पौडला जाऊन येतो’ असे म्हणाला, की तो फेरफाराच्या, वारसनोंदीच्या, मोजणीच्या किंवा तारखेच्या कामाला निघाला आहे, हे मुलाबाळांनाही न सांगता कळे. पौड हे मुळशी तालुक्याचे ठाणे आहे. आणि या मुलखातील माणसांच्या पायाखालची जमीन कोणत्या मार्गाने गेली हे ज्याला जाणून घ्यायचे असेल, त्याने कोरीगडाच्या तटबंदीइतकेच लक्ष या कचेरीच्या दप्तराकडे दिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कचेरी येण्यापूर्वीही पौड हे एका मुलखाचे नाव होतेच. बारा मावळांत पौड खोऱ्याची गणना होई. मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर, तसे पौड खोऱ्यात ढमाले हे देशमुख होते, आणि वसुली, बंदोबस्त व निवाडा यांचे अधिकार वतनाच्या रूपाने त्या त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत. १८१८ च्या मार्च महिन्यात कर्नल प्रॉथर याच्या तोफांच्या माऱ्यात कोरीगडावरचे दारूचे कोठार उडाले, गड इंग्रजांच्या स्वाधीन झाला, आणि हा सारा प्रदेश पुण्याचा पहिला कलेक्टर कॅप्टन रॉबर्टसन याच्या अमलाखाली आला. देशमुखांचा मानपान त्यानंतरही राहिला; सत्ता मात्र हळूहळू पगारी अंमलदाराच्या हाती गेली. ब्रिटिश अमदानीत मुळशी हा हवेली तालुक्याचा एक पेटा होता, आणि पेट्यावर मामलेदाराच्या खालच्या दर्जाचा महालकरी नेमला जाई. त्याच्या कचेरीसाठी पौडचे स्थान सोयीचे होते, कारण पश्चिमेकडील डोंगरकुशीतली आंबेमोहर पिकविणारी गावे आणि पूर्वेकडील मोकळ्या माळाची गावे यांच्या मध्यावर, नदीकाठी आणि पुण्याच्या वाटेवर ते वसले होते.

याच शतकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर, कॅन्सस-नेब्रास्कासारख्या प्रांतांत, अशाच लहान लहान ठाण्यांची गावे उभी राहत होती. तेथे १७८५ च्या कायद्याने भूमीवर सहा सहा मैलांचे चौकोन आखले होते, प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग पाडले होते, आणि १८६२ च्या दुसऱ्या एका कायद्याने वसाहतवाल्याला १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळण्याची सोय केली होती. त्या जमिनीवर पूर्वापार राहणाऱ्या ओसेज, पॉनी आदी लोकांना त्या आखणीत जागा नव्हती. कौंटीचे ठाणे ज्या गावाला मिळेल तेथे न्यायालय येणार, पेढ्या येणार, रेल्वे वळणार, म्हणून त्या मानासाठी शेजारची गावे एकमेकांच्या जिवावर उठत. १८८९ च्या जानेवारीत इंगॉल्स गावचे सशस्त्र लोक सिमारॉन येथील कचेरीत घुसले आणि दप्तराच्या वह्या गाडीत भरून नेताना गोळीबार झाला. दप्तर जेथे तेथेच ठाणे, हे त्यांना पुरते कळले होते. आपल्याकडे ठाण्याचा निर्णय कलेक्टरच्या हुकुमाने होई आणि त्यात रयतेचे मत विचारण्याचा प्रघात नव्हता. तरीही दोन्हीकडची मोजणी एकाच मूळ मापावरच्या साखळ्यांनी झाली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. अमेरिकेत ६६ फुटांची साखळी वापरीत. मुंबई इलाख्यात तिच्या निम्म्याची, म्हणजे ३३ फुटांची साखळी घेऊन तिचे १६ आणे पाडले. त्या साखळीच्या लांबी-रुंदीचा एक चौरस म्हणजे गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. कॅन्ससमधल्या शेताचा एकर आणि मारुंजीच्या माळावरचा एकर यांत तसूभरही अंतर नाही.

महालकऱ्याच्या कचेरीत मोठे दिवाणी खटले चालत नसत. तिचे सामर्थ्य लहान लहान नोंदींत होते. साऱ्याचा हप्ता, दुष्काळातली तगाई, हद्दीच्या दगडाबद्दलची तक्रार, वहिवाटीची वाट अडविल्याचा अर्ज, मयताच्या जागी लागणारी वारसाची नावे, हे सर्व तेथे येई. गावचा कुलकर्णी आपली वही घेऊन तेथे जाई, अव्वल कारकून ती ताळ्यासाठी तपाशी, आणि शेरा मारलेला कागद रुमालात बांधला गेला म्हणजे गावातले सत्य पक्के झाले असे समजले जाई. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली व त्यांच्या जागी सर्वत्र तलाठी आले. माणसे बदलली, पण शिरस्ता तोच राहिला. ज्याचे नाव लागले त्याची जमीन, हा त्या शिरस्त्याचा गाभा होता. आणि ज्याने पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरला पण कागदावर आला नाही, त्याला बोलायला जागाच राहत नसे.

हे किती भयंकर ठरू शकते याचा प्रत्यय १९२१ साली आला. निळा आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी सह्याद्रीचा कडा उतरवून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात न्यायचे आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या व आगगाड्या चालवायच्या, अशी टाटा कंपनीची योजना होती. तिच्यासाठी पन्नासाच्या आसपास गावे बुडणार होती, आणि सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला होता. त्या वर्षीच्या रामनवमीला माले परिसरातील मावळे कामाच्या जागी जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी या सत्याग्रहाचे नेतृत्व केले, आणि बापटांना ‘सेनापती’ हे बिरूद येथेच मिळाले. काम काही महिने थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि १९२४ पर्यंत चाललेला लढा अखेर हरला. त्या पराभवाची कारणे सांगताना सरकारची दडपशाही आणि कंपनीचे द्रव्यबळ यांचा उल्लेख होतो आणि तो यथार्थच आहे. पण एक कारण दप्तरात होते. खोऱ्यातील पुष्कळ जमीन सावकारांच्या नावावर गेलेली होती, किंवा त्यांच्याकडे गहाण पडली होती. त्या सावकारांपैकी अनेक जण पुण्यात राहत, त्यांना भरपाईची रक्कम हवी होती, आणि कायदा त्यांनाच मालक म्हणून ओळखत होता. भाताच्या चिखलात उभा राहिलेला मावळा त्या कागदावर कूळ होता, पुष्कळदा तेवढाही नव्हता. म्हणून धरणाच्या भिंतीइतकाच तो कागदही त्यांच्या नाशाला जबाबदार होता, असे मी मानतो. १९२७ साली भिऱ्याला वीज सुरू झाली.

स्वातंत्र्यानंतर मुळशीला तालुक्याचा दर्जा मिळाला आणि पौडला तहसीलदार बसू लागला. त्या कचेरीने केलेले सर्वांत मोठे पुण्यकर्म, माझ्या मते, कुळकायद्याच्या अंमलबजावणीचे आहे. १९४८ च्या कायद्यातील पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा हा मालक मानला गेला. त्याच्या जमिनीची किंमत ठरविण्यासाठी कलम ‘बत्तीस-ग’च्या सुनावण्या झाल्या आणि किंमत फेडली म्हणजे ‘बत्तीस-म’चे प्रमाणपत्र मिळू लागले. ज्या सातबाऱ्याने पूर्वी माणसे पुसून टाकली होती त्यानेच ती पुन्हा लिहून घेतली. हे सर्वांच्या वाट्याला आले नाही; काही कुळांनी राजीनामे दिले, काहींकडून ते घेतले गेले.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीला माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत उभी राहू लागली आणि तालुक्याच्या या पूर्व कोपऱ्याचे रूप पालटले. औद्योगिक विकास महामंडळाने संपादन केलेली जमीन वेगळी, आणि तिच्या भोवतालची माण-मारुंजीची जमीन, जी गुंठ्यागुंठ्याने खासगी खरेदीखतांवर गेली, ती वेगळी. दुसऱ्या प्रकारात कोणी सक्ती केली नव्हती. ‘बत्तीस-म’ने मिळालेली वडिलोपार्जित शिवारे एका पिढीत विकली गेली, आलेला पैसा पुष्कळ घरांत टिकला नाही, आणि बहिणींची, चुलत्यांची नावे हक्कसोड पत्रांनी कमी झाली. या व्यथेवर चित्रपटही निघाला.

आज मारुंजीचा कारभार अनेक ठिकाणी वाटला गेला आहे. पोलीस ठाणे २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे, बांधकामाची परवानगी २०१५ साली स्थापन झालेल्या महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, पाणी आणि दिवाबत्ती ग्रामपंचायतीकडे, आणि जमीन अजूनही पौडकडे. अमेरिकेच्या मैदानांवरील पुष्कळ ठाणी भोवतालची शेते यंत्रांच्या हाती गेल्यामुळे ओस पडत आली व तेथे भव्य न्यायालयाभोवती मोजकी घरे राहिली. पौडचे दैव उलट आहे, त्याच्या हाताखालची गावे त्याच्याहून कितीतरी मोठी झाली.

या गावांचा महानगरपालिकेत समावेश करावा अशी मागणी वारंवार होत असते. तसे झाले आणि नगर भूमापन पुरे झाले, तर सातबाऱ्याच्या जागी मिळकत पत्रिका येईल आणि जुन्या फेरफाराच्या वह्यांना व्यवहारात कोणी हात लावणार नाही. महसूल खात्यात चावडीवाचनाचा एक जुना शिरस्ता आहे: गावकऱ्यांना जमवून त्यांच्या नोंदी मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि चूक असेल तर तेथेच हरकत नोंदवून घ्यायची. तसे एक वाचन मारुंजीत व्हावे, आणि ते केवळ चालू सातबाऱ्याचे न होता अगदी पहिल्या फेरफारापासून व्हावे. कोणत्या साली कोण कूळ होता, कोणाचे नाव कोणत्या हुकुमाने कमी झाले, ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणती विधवा किती वर्षे राहिली, हे ऐकायला ती माणसे ओळखणारे म्हातारे आज गावात आहेत.