मका : खरीप पेरणीची तयारी व कोवळ्या पिकाची राखण

खरीप मक्यासाठी पेरणीआधी करायची मशागत व बीजप्रक्रिया, तसेच उगवणीनंतरच्या पहिल्या महिन्यातील निगा. गहू-भातासारखे कामाचे फुटवे संकरित मक्याला सहसा येत नाहीत. रोप मेले की त्याचे कणीस बुडाले. मागाहून नांगे भरले तरी ती रोपे शेजारच्या ताटांच्या सावलीत खुरटतात. म्हणून एकसारखी उगवण हीच या पिकाची खरी कमाई.

उन्हाळ्यात खोल नांगरट केल्याने जमिनीतले किडींचे कोष उघडे पडतात. ऊन आणि पाखरे त्यांचा निकाल लावतात. पुढे शेणखत घालून कुळवाच्या पाळ्या द्याव्यात. निचऱ्याकडे मात्र फार दुर्लक्ष होते. पाच-सहा पाने येईपर्यंत रोपाचा वाढीचा शेंडा जमिनीखालीच असतो आणि शेतात पाणी तुंबले की तो गुदमरतो. भारी काळ्या रानात सरी-वरंब्यावर टोकण करणे त्यामुळेच शहाणपणाचे.

महाराष्ट्रात पेरणीचा हंगाम साधारण १५ जून ते १५ जुलै. पहिल्या सरीवर घाई करू नये. ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन वाफसा आला की ४ ते ५ सेंमी खोलीवर बी टाकावे. मध्यम व उशिरा येणाऱ्या वाणांसाठी ७५ × २० सेंमी अंतर ठेवतात. हेक्टरी सुमारे ६६,६०० रोपे बसतात. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासावी.

अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम २०१८ मध्ये कर्नाटकात आढळली आणि त्यानंतर मक्याचे गणितच बदलले. डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’ आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, ही तिची ओळख. लहान अळ्या पान खरवडतात, मोठी अळी पोंग्यात शिरते आणि तिथे भुशासारखी विष्ठा साठते. सायॲन्ट्रानिलिप्रोल व थायामेथोक्झाम यांच्या तयार मिश्रणाची बीजप्रक्रिया (किलोला ६ मिली) पहिले दोन-तीन आठवडे आधार देते. पुढे आठवड्यातून दोनदा शेत फिरून अंडीपुंज चिरडावेत आणि ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. उशीर झाला तर फवारा पोंग्यातच पडला पाहिजे, पानांवरून ओघळलेले औषध वाया जाते. चाऱ्याच्या मक्यावर रासायनिक कीटकनाशक टाळावे.

उगवण विरळ दिसली की दोष लगेच बियाण्यावर जातो. आधी मोकळी जागा उकरून पाहावी. कुजलेला दाणा जादा ओल किंवा बुरशीकडे बोट दाखवतो, पोखरलेला दाणा किडीकडे, तर मातीतच वेडावाकडा वळलेला कोंब घट्ट पापुद्र्याकडे. दाणा शाबूत असून कोंबच नसेल, तर बियाण्याबद्दल शंका रास्त. अशा तक्रारीसाठी पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवावी लागते.