रशिया-युक्रेन युद्ध : युद्धविरामाची चर्चा इतकी होते, मग तो टिकत का नाही?

‘युद्धविराम जवळ आला’, ‘चर्चा सकारात्मक’, ‘पुतिन यांची नवी अट’. रशिया-युक्रेन युद्धाबद्दलच्या अशा हेडलाइन्स तुमच्या फीडमध्ये अनेकदा येऊन गेल्या असतील. आणि त्यानंतर लगेचच एखाद्या शहरावर ड्रोन हल्ला झाल्याची बातमीही.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी हल्ला केला. त्यानंतर २०२५ मध्ये ईस्टरला ३० तासांचा युद्धविराम जाहीर झाला. त्याच वर्षी मे महिन्यात रशियाने विजय दिनानिमित्त ७२ तासांची घोषणा केली. दोन्ही वेळा दोन्ही देशांनी एकमेकांवर उल्लंघनाचे आरोप केले. घोडं नेमकं कुठे अडतं? समजून घेऊया.

युद्धविराम म्हणजे शांतता का?

नाही. युद्धविराम म्हणजे जिथे आहोत तिथे थांबून गोळीबार बंद करणं. शांतता करार म्हणजे मूळ वाद मिटवणं. यातला फरक कोरियात दिसतो. तिथे २७ जुलै १९५३ रोजी लढाई थांबली, पण दोन्ही कोरियांमध्ये शांतता करार कधीच झाला नाही.

आधी युद्धविराम की आधी करार?

खरी मेख इथे आहे. मार्च २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाह इथे युक्रेनने अमेरिकेचा ३० दिवसांच्या युद्धविरामाचा प्रस्ताव मान्य केला. युक्रेनचं म्हणणं होतं, आधी बंदुका थांबवा, मग बोलू. रशियाचं म्हणणं उलट होतं. युद्धाची ‘मूळ कारणं’ आधी सोडवा, मग थांबू.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. रणांगणावर जो हळूहळू का होईना पुढे सरकतोय, त्याच्यासाठी चालू असलेली लढाई हीच वाटाघाटीतली ताकद असते. ती थांबवली की दबाव संपतो. दुसरीकडे, युक्रेनला भीती वाटते की ठोस हमीशिवाय थांबलो, तर रशिया दम घेऊन पुन्हा चालून येईल.

जमिनीचा प्रश्न किती मोठा आहे?

युक्रेनचा जवळपास एक पंचमांश भाग रशियाच्या ताब्यात आहे. त्यात २०१४ मध्ये घेतलेला क्रायमियाही आला. सप्टेंबर २०२२ मध्ये रशियाने डोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेरसन हे चार प्रांत आपले असल्याचं जाहीर केलं. तेव्हा यातला एकही प्रांत पूर्णपणे त्यांच्या ताब्यात नव्हता. तरीही जून २०२४ मध्ये पुतिन यांनी अट घातली, की युक्रेनने या चारही प्रांतांतून सैन्य मागे घ्यावं आणि नेटोत जाण्याचा विचार सोडावा. म्हणजे जी जमीन लढून मिळाली नाही, तीही सोडा.

युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं तरी ते एका सहीने जमीन देऊ शकत नाहीत. त्यांच्या राज्यघटनेनुसार देशाची सीमा बदलायची तर देशभर सार्वमत घ्यावं लागतं आणि मार्शल लॉ लागू असताना सार्वमत घेता येत नाही.

युक्रेन हमीवर एवढा का अडून बसलाय?

कारण आधीचे अनुभव. १९९४ मध्ये बुडापेस्ट इथे युक्रेनने सोव्हिएत काळापासून आपल्या भूमीवर असलेली अण्वस्त्रं सोडायचं मान्य केलं. बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशियाने त्याच्या सीमांचा आदर करण्याचं आश्वासन दिलं. वीस वर्षांनी क्रायमिया गेला.

मग डोनबासमध्ये लढाई पेटली आणि मिन्स्कचे दोन करार झाले. पहिला सप्टेंबर २०१४ मध्ये, दुसरा फेब्रुवारी २०१५ मध्ये. दुसरा युद्धविराम लागू झाल्यावर काही दिवसांतच डेबाल्त्सेव्ह हे शहर रशियाच्या पाठिंब्यावरच्या बंडखोरांच्या हाती गेलं. उल्लंघनांची नोंद करायला युरोपीय सुरक्षा संघटनेचे निरीक्षक होते, पण ते निःशस्त्र होते. नोंद व्हायची, पण उल्लंघन करणाऱ्याला रोखणारं कुणी नव्हतं.

म्हणूनच ब्रिटन आणि फ्रान्सच्या पुढाकाराने काही देशांनी युद्धविरामानंतर युक्रेनमध्ये सैन्य ठेवण्याची तयारी दाखवली. रशियाने नेटो देशांचे सैनिक तिथे येण्याला विरोध केला. हमी भक्कम असली तर रशियाला नको आणि कच्ची असली तर युक्रेनला नको, असा हा पेच आहे.

मग काहीच जमलं नाही का?

जमलंय. जुलै २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने धान्य करार झाला. वर्षभरात काळ्या समुद्रातून सुमारे ३.३ कोटी टन धान्य आणि खाद्यपदार्थ बाहेर गेले. जुलै २०२३ मध्ये रशिया त्यातून बाहेर पडला. मे २०२५ मध्ये इस्तंबूलच्या चर्चेनंतर दोन्ही देशांनी प्रत्येकी एक हजार कैदी सोडले.

कैद्यांची अदलाबदल जमते, कारण तिथे दुसऱ्यावर विश्वास ठेवायची गरज फारशी नसते. या हाताने द्या, त्या हाताने घ्या. युद्धविरामात मात्र आज थांबायचं आणि पुढची अनेक वर्षं समोरचा शब्द पाळेल असं मानायचं.

अशी युद्धं थांबतात तरी कशी?

इराण-इराक युद्ध आठवा. १९८० मध्ये इराकने हल्ला केला. १९८२ पर्यंत इराणने आपली बरीचशी जमीन परत मिळवली. तेव्हा थांबता आलं असतं, पण आपण जिंकतोय असं वाटून इराण इराकमध्ये शिरला. आणखी सहा वर्षं माणसं मरत राहिली. १९८८ मध्ये खोमेनींनी हा निर्णय विष पिण्यासारखा असल्याचं सांगत युद्धविराम स्वीकारला. सीमा जवळपास पूर्वी होती तिथेच राहिली.

लढत राहून आणखी काही मिळणार नाही, हे दोन्ही बाजूंना पटतं तेव्हा युद्धविराम शक्य होतो. मध्यस्थ त्या क्षणी मदत करू शकतो, पण तो क्षण स्वतः आणणं त्याला कठीण जातं.

आपल्याला याचं काय?

२०२२ मध्ये ‘ऑपरेशन गंगा’तून हजारो भारतीय विद्यार्थी मायदेशी परतले. त्यात महाराष्ट्रातली मेडिकलला गेलेली मुलंही होती. सूर्यफूल तेल महागलं, कारण भारताला त्याचा सर्वाधिक पुरवठा युक्रेनमधून व्हायचा. रशियाकडून तेल घेतो म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं.

पुढची बातमी कशी वाचायची?

‘युद्धविराम’ हा शब्द दिसला की शेअर करण्याआधी तीन गोष्टी तपासा. नेमकं काय थांबणार आहे, सगळी लढाई की फक्त वीजकेंद्रांवरचे हल्ले? लक्ष कोण ठेवणार? आणि कुणी करार मोडला तर काय होणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक बातम्यांत मिळतं. तिसऱ्याचं उत्तर दोन्ही देशांना मान्य झाल्याची बातमी आली, तर ती नीट वाचा. मिन्स्कमध्ये नेमकं तेच राहून गेलं होतं.