जाम झालेले नट-बोल्ट सोडविण्याची साधने

बुलडाणा : पेरणीयंत्राच्या फणाचा किंवा ट्रॅक्टरच्या चाकाचा एखादा नट ऐन हंगामात सुटेनासा झाला, तर हाती आलेला वाफसा निघून जातो. घाईत चुकीचा पाना लावल्यास नटाचे कोपरे झिजतात आणि दहा मिनिटांचे काम वेल्डिंगच्या दुकानापर्यंत पोहोचते. म्हणूनच कोणते साधन आधी आणि कोणते शेवटी वापरावे, हे ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

नट जाम का होतो?

गंजाला मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा लागते. आट्यांमधील अरुंद फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. जिल्ह्यात घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव व नांदुरा या तालुक्यांत खारपाणपट्टा आहे. तेथील खाऱ्या पाण्यामुळे पंप आणि पाइपांचे जोड लवकर गंजतात. पेरणीयंत्रावर साचून राहिलेले रासायनिक खतही हेच करते.

मापाचा घोळ

कोपरे झिजण्याचे मुख्य कारण म्हणजे सैल पाना. १२ मिलिमीटर बोल्टच्या नटाला जुन्या मानकानुसार १९ क्रमांकाचा, तर नव्या मानकानुसार १८ क्रमांकाचा पाना लागतो. इंची मापाच्या जुन्या यंत्रांवरील अर्ध्या इंचाचे डोके १२.७ मिलिमीटर असते. त्यावर १३ चा पाना चढतो. पण जोर लावताच घसरतो.

सुरुवात तेलाने

प्रथम तारेच्या ब्रशने आटे स्वच्छ करून गंज सोडविणारे तेल सोडावे, हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि शक्य असल्यास रात्रभर थांबावे. त्यानंतर सहा कोनांचा रिंग पाना किंवा गोटी पाना वापरावा. बारा कोनांचा पाना कोपऱ्यांवरच दाब देतो, त्यामुळे झिजलेल्या नटावर तो टिकत नाही. स्क्रू पाना तर टाळावाच. नट आधी किंचित आवळून मग सोडविल्यास गंजाची पकड मोडण्यास मदत होते.

पान्याला पाइप जोडून लांबी दुप्पट केली, की तेवढ्याच जोरात पिळ दुप्पट होतो. मात्र नट न सरकता बोल्ट रबरासारखा पिळल्याचे जाणवल्यास थांबावे. तो तुटण्याच्या बेतात असतो. जोर लावण्यापूर्वी आटे उलटे नाहीत ना, हेही पाहावे. बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो.

कोपरे झिजल्यावर

नटाचे डोके थोडेच झिजले असेल, तर ग्रिप प्लायर पुरतो. त्याने काम न झाल्यास एक्स्ट्रॅक्टर गोटी ठोकून बसवावी. तिच्या आतील उलट्या पिळाच्या धारा जोर वाढेल तशा नटात रुततात. नट स्प्लिटरची पोलादी पाचर नट फोडते. नट वाया जातो. पण जपून वापरल्यास बोल्टचे आटे वाचतात.

आच देताना

१२ मिलिमीटरचा नट ३०० अंश सेल्सिअसने तापवला, तर त्याचे छिद्र सुमारे ०.०४ मिलिमीटरने मोठे होते. एवढ्यानेही गंजाची पकड अनेकदा सुटते. मात्र तेल किंवा डिझेल लागलेल्या भागाला आच देऊ नये. टायर चढविलेल्या रिमवरील नट तापविणे जिवावर बेतू शकते, कारण टायर फुटतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या नटातून निघणारा धूर अपायकारक असतो. तापविलेल्या बोल्टची ताकद कमी होते, म्हणून तो बदलून त्याच दर्जाचा नवा बसवावा.

बोल्ट तुटलाच, तर

मधोमध ठसा मारून ड्रिलने छिद्र पाडावे आणि उलट्या पिळाचा ईझी आउट फिरवून तुकडा काढावा. ईझी आउट अतिशय कठीण, पण ठिसूळ असतो. तो आत तुटल्यास साध्या ड्रिलने कापला जात नाही. म्हणून तो अडल्यास जोर न करता अनुभवी कारागिराकडे जावे.

पुन्हा बसविताना

आटे स्वच्छ करून ग्रीसचा पातळ थर दिल्यास पुढच्या हंगामात हा खटाटोप टळतो. चाकाच्या नटांना मात्र उत्पादकाने सांगितल्याशिवाय ग्रीस लावू नये. ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात. हंगाम संपताच यंत्र धुऊन, कोरडे करून ठेवणे हाच सर्वांत स्वस्त उपाय होय.